कागदोपत्री अंगठा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सोनिया फॉर्म घेऊन आली. सोनिया आमच्या वस्तीची आशा सेविका. बाळंतिणीपासून कुणाची साखर वाढली इथपर्यंत सगळं तिच्या वहीत असतं. हा फॉर्म वेगळा होता. ज्यांची मुलं सरकारी नोकरीत आहेत अशा म्हाताऱ्या माणसांसाठी. वस्तीवर तशी मी एकटीच. माझा मल्हार सिंचन खात्यात लिपिक आहे, कोरेगावला. राहायला साताऱ्यात.

ती समोर बसून फॉर्म बघत होती. मी इकडून पहिला प्रश्न वाचून दाखवला तशी ती हसायला लागली. "आवं मनूमावशी, फॉर्म उलटा हाय तुमाला!"

मला उलटं वाचायची सवयच आहे. मल्हार पहिलीत असताना चुलीच्या पलीकडे बसून मोठ्यानं वाचायचा आणि मी अलीकडे भाकरी थापत ऐकायची. तो बोट ठेवेल ते अक्षर मी माझ्या बाजूनं बघायची. म्हणून मला अक्षरं आधी उलटी आली, सुलटी नंतर.

"तुमी सांगा, मी लिवते," सोनिया म्हणाली.

"का? माझा हात मोडलाय काय?"

"बरं बाई, लिवा. कुटं कुटं लिवायचं ते मी दावते."

"कशाला पायजे ही म्हायती?"

"वरनं आलंय. वरचं आपल्याला कवा कळलंय?"

प्रश्न सोपे होते. मुलगा सोबत राहतो का? नाही. घरखर्च कोण देतं? कोणी नाही, माझं मी भागवते. औषधपाणी? माझं मी. गेल्या वर्षात मुलगा किती वेळा भेटला? एकदा, मालकांच्या श्राद्धाला. शेवटी 'इतर माहिती' म्हणून चार ओळी कोऱ्या होत्या. कोरी जागा दिसली की मला राहवत नाही. लिहिलं, 'मला कोणाचे उपकार लागत नाहीत. सहा शेळ्या व थोडी जमीन आहे. लिहिता वाचता येते.' खाली पूर्ण सही केली. मनुबाई ज्योतिबा गोरड.

आमच्यात बाई असंच सांगते. दिवाळी झाली की पुरुष मेंढरं घेऊन घाटाकडे जायचे ते पावसाच्या तोंडाला परतायचे. मागं सासू, पोर, दुष्काळ, सगळं बाईवर. ते परतले की उंबऱ्यात विचारायचे, काय कमी पडलं का? आणि आपण म्हणायचं, न्हाई, काय बी न्हाई. मी तेहतीस वर्षं तेच सांगितलं. मालकांना ते ऐकायला आवडायचं.

मल्हारलाही आवडेल. आईचं ओझं नाही त्याच्यावर.

९ नोव्हेंबर, रविवार

अक्षर वाकडं येतंय.

जिनेशच्या दुकानात तेल आणायला गेले होते. तो तेल मापेपर्यंत काउंटरवरचा पेपर वाचत उभी राहिले. पहिल्याच पानावर होतं. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांचा पगार कापणार. नवा कायदा झाला आहे. पगाराचा तिसरा हिस्सा कापून थेट आईबापाच्या खात्यावर. कर्मचाऱ्याचं नाव कचेरीच्या फलकावर लागणार. बढती थांबणार. आणि खाली, 'आईवडिलांकडून माहिती गोळा करण्याचे काम गावोगाव सुरू.'

"मावशी, लय मन लावून वाचताय. लॉटरी लागली व्हय?" जिनेश म्हणाला.

मी तेल तिथंच विसरले. तशीच सोनियाच्या दारात गेले.

"फॉर्म दे माझा."

"मंगळवारीच तालुक्याला पोचता केला की. का वं मावशी?"

तिला सांगितलं. ती पायरीवरच बसली. म्हणाली, "देवा शपथ, मला ठावं न्हवतं."

मलाही नव्हतं. पण हात माझा होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

मल्हारला काल चार वेळा फोन केला, आज तीन वेळा. उचलला नाही. सोमवारी कचेरीत गर्दी असते. काल रविवार होता, पण रविवारी त्याला झोप लागते.

वस्तीकडे जीप वळली की उठून बघते. दुपारी एक आली. दूध संघाची होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मल्हारचा फोन आला. मी न करता त्याचा आपण होऊन फोन येऊन किती महिने झाले ते आठवेना. आनंद व्हायला हवा होता. नाव दिसलं आणि माझ्या हातातली चरवी सुटली.

"आई, काय लिवलंयस तू?"

त्याचा आवाज चढत नाही कधी. लहानपणीही चढायचा नाही. तो खाली खाली जातो. मला त्याच्या खालच्या आवाजाची भीती वाटते. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, आधी कधी मनातही आणलं नव्हतं.

मी म्हटलं, "खरं ते लिवलं, बाळा. मला वाटलं तुला बरं वाटंल."

 मग म्हणाला, "नोटीस आलीय मला. रविवारी येतो. तवर कुणासंगं बोलू नगंस. त्या आशाला तर दारात उभी करू नगंस."

येतो म्हणाला. दोन्ही एकदमच झालं, भीती वाटली आणि घर सारवायला घेतलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

मल्हार आणि स्वप्नाली गाडी घेऊन आले. मागं टेम्पो. टेम्पोत गादी, उभा पंखा, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि एक खुर्ची. वस्तीवरची पोरं बघायला जमली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा, ल्योकानं काय काय आणलंय."

मल्हारनं मला गादीवर बसवून फोटो काढले. मग पंख्यासमोर. मग यंत्राचा पट्टा दंडाला बांधून, स्वप्नालीला शेजारी बसवून. स्वप्नालीचा हात माझ्या खांद्यावर होता. गार पडला होता.

"प्लास्टिक काढू नगंस गादीचं," मल्हार म्हणाला.

"निजू कशी मग? कुरकुर वाजंल."

"धूळ बसती, आई."

त्याला नेहमीच स्वच्छता लागते.

जेवायला थांबले नाहीत. बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं केलं होतं. पूर्वी मल्हार वाटीला बोट लावून चाटायचा. आज म्हणाला, पित्त होतं.

मग त्यानं पिशवीतून कागद काढला. म्हणाला, हा तुझा जबाब. चार डिसेंबरला साताऱ्यात सुनावणी आहे, तिथं मोठ्या अधिकारी बाई विचारतील, तू हो म्हणायचं आणि अंगठा द्यायचा.

"अंगठा? सही करते की."

"अंगठाच. बँकेत तुझा अंगठा हाय. कागदोपत्री तू अडाणीच हायस. तेच बरं हाय आता."

कागद त्यानं वाचून दाखवला. माझा मुलगा मला सांभाळतो, माझी साताऱ्यात स्वतंत्र खोली आहे, हवापालटासाठी मी अधूनमधून गावी येते, असं होतं. मी साताऱ्याच्या घरी वास्तुशांतीला एकदा गेले होते. पण खोली असेल माझी. माझ्या नावानं ठेवली असेल आणि सांगायचं राहून गेलं असेल.

मधे एका ठिकाणी तो थांबला, घसा खाकरला, मग पुढं वाचलं.

"पगार कापायचं कायबी वाटत न्हाई मला," तो म्हणाला, "पण फलकावर नाव लागंल. सगळी कचेरी चहाला जाताना वाचंल. तुझ्या नातीची सोयरीक बघायला लागायचीय चार वर्षांनी. आईला टाकलेला, असं म्हणतील." त्याचे डोळे लाल झाले होते. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

निघताना त्यानं फळीवरची माझी पुस्तकं पिशवीत भरली. वाचनालयाची दोन आणि त्याचं पहिलीचं पुस्तक, ज्याचं पुठ्ठ्याचं पान मी घोंगडीच्या सुतानं शिवलं होतं.

"चौकशीला कोण आलं तर नगंत हितं. अजून लिवतीस काय काय?"

"न्हाई," मी म्हटलं.

मल्हारशी बोललेलं माझं हे पहिलं खोटं. तेव्हा ही डायरी बाजरीच्या कणगीत होती, आणि मी कणगीला टेकून उभी होते.

स्वप्नाली हळदीकुंकू घ्यायला मागं थांबली. ती गेल्यावर बघितलं तर देव्हाऱ्यात करंड्याखाली त्या जबाबाची झेरॉक्स राहिली होती. स्वप्नाली विसराळूच आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

झेरॉक्स वाचली.

मल्हार ज्या ठिकाणी खाकरला होता, तिथं तीन ओळी आहेत. त्या त्यानं वाचल्या नाहीत. इथं जशाच्या तशा उतरवते.

'मी पूर्णपणे निरक्षर असून मला लिहिता वाचता येत नाही. सदर फॉर्म आशा सेविका सोनिया हिने मला न विचारता परस्पर भरला असून माझी खोटी सही केली आहे. तरी तिच्यावर योग्य ती कारवाई व्हावी.'

नजर चुकून ओळी सुटतात. मोठमोठ्यांच्या सुटतात. पण मल्हारच्या सुटत नाहीत. त्याला शाळेत वाचनाचं बक्षीस होतं.

दिवसभर शेळ्यांच्या मागं फिरले. मालकांची घोंगडी खुंटीवरून काढून उन्हात टाकली, दर महिन्याला टाकते. तीन वर्षं झाली तरी तिला मेंढरांचा वास आहे.

मालकांची पत्रं आठवली. त्यांनाही लिहिता येत नव्हतं. वाटेतल्या गावात कुणा मास्तराला धरून पोस्टकार्ड लिहून घ्यायचे. कार्ड आलं की वस्तीवर मागं राहणारे माझे दीर, धुळा भाऊजी, अंगणात उभं राहून वाचायचे आणि सगळी वस्ती ऐकायची. 'सुखरूप आहे. कऱ्हाडच्या पुढं उतरलो. चौदा कोकरं झाली.' संपलं. मी दाराआड उभी. वाटायचं, एवढ्या मोठ्या कार्डात माझ्यासाठी एक अक्षर नसावं?

म्हणून मी वाचायला शिकले. आणखी कशासाठी नाही. दोन वर्षं लागली. मग एक दिवस पेटीतली जुनी कार्डं काढली आणि एकेक अक्षर जुळवत वाचली. सगळ्या कार्डांच्या शेवटी एक ओळ होती. 'मनूने वेळेवर जेवावे.'

प्रत्येक कार्डावर. सात वर्षं भाऊजींनी ती ओळ सोडली होती. लाजेनं सोडली असेल, सासूबाई समोर असायच्या. मी त्यांना कधी विचारलं नाही. पण त्या दिवशी मी चुलीसमोर बसून इतकी रडले की शाळेतून आलेल्या मल्हारला वाटलं आजी गेली. मी त्याला कार्ड वाचून दाखवलं. तो बाहेर पळाला आणि अख्ख्या वस्तीला ओरडून सांगत सुटला, "माझी आई वाचतीया! माझी आई वाचतीया!"

ती कार्डं भंडाऱ्याच्या डब्याखाली आहेत. मल्हारनं काल तिथं बघितलं नाही, बरं झालं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दारात उभी करू नको म्हणाला होता. पण सोनिया आलीच. मल्हारनं नोटिशीला दिलेल्या उत्तरावर तिला वरून कागद आलाय, खोटा फॉर्म भरल्याबद्दल खुलासा द्या म्हणून. चार तारखेला तिलाही बोलावलंय.

तिनं काही मागितलं नाही. माझा रक्तदाब मोजला. "एकशे ऐंशी हाय, मावशी." मग पट्टा सोडताना खाली बघत म्हणाली, "तुमी लिवलं तवा मी समोर बसलेली. एवढं ध्येनात हाय न्हवं तुमच्या?"

मी म्हटलं, "चहा घेतीस?"

"नगं." उंबऱ्यात गेल्यावर वळली. "माझी सासू म्हनती, म्हातारी ल्योकाकडंच झुकंल, तू दुसरं काम बघ. मी म्हनलं, मनूमावशी उलटं बी नीट वाचत्यात."

हसायचा प्रयत्न केला तिनं. गेली. तिचा नवरा घाटात दगडाच्या खाणीत दरड कोसळून गेला तेव्हा हिच्या कडेवर वर्षाचं पोर होतं. हे काम तिला त्यानंतर मिळालं. ती दोन वर्षं जेवताना रडायची, हे मला माहीत आहे, कारण ती माझ्याकडे बसून खायची.

आणि मी तिला चहा विचारला. मी भित्री आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

टेम्पो आला आणि गादी, पंखा, खुर्ची घेऊन गेला. ड्रायव्हर म्हणाला, दुकानात परत करायचंय, प्लास्टिक फाटलं नाही ना बघून घ्या म्हणालेत साहेब. मल्हारनं याहून चांगली गादी बघितली असणार.

यंत्र राहिलं. ते उघडलं होतं.

१ डिसेंबर, सोमवार

सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला. नाही म्हटलं तर मल्हार जाईल. पैसा म्हणून नव्हे, माणूस म्हणून जाईल. आता वर्षातून एकदा येतो, मग तेही नाही. मी गेले तर खांदा कोण देईल? वस्ती देईल. पण मडकं धरायला तो येईल का? 

हो म्हटलं तर सोनिया जाईल. तिच्याबरोबर मीही जाईन. मग कणगीतली ही डायरी कुणाची? भंडाऱ्याच्या डब्याखालची कार्डं कुणी वाचली?

अंगठा मी आधी एकदा दिलाय. बँकेत खातं काढायला मालक आणि मी विट्याला गेलो होतो. तेव्हा मला सही येत होती, घरी पाटीवर शंभर वेळा गिरवली होती. साहेबानं आधी मालकांपुढं शाईची डबी धरली. त्यांनी अंगठा उमटवला. मग माझ्याकडे पेन केलं. मालक बाजूला अंगठा पुसत उभे. त्यांनी अंगठा दिल्यावर मी सही कशी करायची? मीही अंगठा पुढं केला.

बाहेर आल्यावर मालक उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबले. म्हणाले, "सही का न्हाई केलीस?"

मी म्हटलं, "तुमच्या म्होरं?"

त्यांनी रस संपवला. मग म्हणाले, "मी जन्मभर अंगठा दिला, कारण मला येत न्हवतं. तुला येतंय. पुन्ना असं करू नगंस. मला कमीपणा वाटला."

त्यांना कमीपणा वाटेल म्हणूनच तर मी केलं नव्हतं.

३ डिसेंबर, बुधवार

मल्हारचा फोन. "उद्याची पहिली एस.टी. धर. साडी साधी नगं नेसूस, मी पाठवलेली नेस." त्यानं पाठवलेली कुठली ते आठवेना. जवळ एक बरी आहे, सोनियानं दिवाळीला दिलेली.

शेळ्यांना दुपारपर्यंतचा पाला टाकून ठेवलाय. देवापुढं भंडारा कपाळाला लावला, पण काय मागायचं ते सुचेना. बिरोबा, एवढंच म्हटलं, आणि पुढं काही नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल आल्यावर लिहायची ताकद नव्हती. आज लिहिते. जसं झालं तसं.

कचेरीत लांब टेबल होतं. पलीकडे चष्मा लावलेल्या बाई. अलीकडे मी आणि मल्हार. सोनिया दाराजवळ उभी, पदर दोन्ही हातांत गच्च. मल्हारनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. त्याच्या गळ्यापाशी शीर उडत होती. त्यालाही भीती वाटत होती. माझ्याइतकीच. लेकराला भीती वाटताना बघवत नाही, मग ते पंचेचाळीस वर्षांचं का असेना.

बाईंनी जबाब वाचला. सगळा. ती तीन ओळींची जागा आली तेव्हा त्या थांबल्या नाहीत की खाकरल्या नाहीत. मल्हार जमिनीकडे बघत होता.

"मावशी, हे सगळं मान्य आहे ना? मग इथं अंगठा द्या."

शाईची डबी पुढं आली. मल्हारनं माझं मनगट धरलं. जोरात नाही, हळू. लहानपणी मी त्याला रस्ता ओलांडून न्यायची तसं. अंगठा शाईत टेकला. गार लागलं. मी मल्हारकडे बघितलं. त्याच्या हनुवटीवरचा तो खड्डा, एडक्यानं शिंग मारलं होतं तेव्हाचा. मला वाटलं, देऊन टाकावा.

मग मला मालकांचा आवाज आला असं काही झालं नाही. खरं लिहायचं तर मी सोनियाकडेही बघितलं नाही. झालं इतकंच की बाईंच्या समोर माझा तो फॉर्म होता, त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला, आणि माझे डोळे आपोआप त्यावर गेले. डोळे वाचायला लागले की मला थांबवता येत नाहीत.

"मला कोणाचे उपकार लागत नाहीत," मी मोठ्यानं वाचलं. "सहा शेळ्या व थोडी जमीन आहे. लिहिता वाचता येते."

बाईंनी फॉर्मकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही हे तिकडून वाचलंत?"

"मला उलटंच आधी आलं, बाईसाहेब. हा वाचायचा, मी समोर बसायची." मी मल्हारकडे बोट केलं. अंगठ्याची शाई त्याच्या पांढऱ्या बाहीला लागली. "ह्येनंच शिकवलं मला."

मल्हारनं मनगट सोडलं.

"मग फॉर्म कोणी भरला?"

"मी. सही बी माझी. पोरीची काय चूक न्हाई."

"आणि मुलगा सांभाळत नाही, हे खरं?"

मी हात जोडले. म्हटलं, "पगार नगा कापू, बाईसाहेब. मला गरज न्हाई. त्याचं नाव तेवडं फळ्यावर नगा लिवू. मी लिवलं ते माझ्या फुशारकीनं लिवलं."

"खरं की खोटं, एवढंच सांगा, मावशी."

मी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हटलं, "खरं."

बाईंनी पेन पुढं केलं. सही केली. अंगठ्याची शाई पेनाला लागली, सहीच्या कडेला निळा डाग पडला. सहा महिने तिसरा हिस्सा कापायचा, मग पुन्हा चौकशी, असा हुकूम झाला. सोनियाचा कागद रद्द झाला. ती दारात हुंदके देत होती आणि मला तिचा राग आला. देवा, मला क्षमा कर, पण त्या घटकेला आला.

बाहेर मल्हार गाडीचं दार उघडून उभा होता. मला वाटलं माझ्यासाठी उघडलंय.

"स्टँड सरळ खाली हाय," तो म्हणाला आणि बसला आणि गेला.

येताना कडेगावच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता, तासभर एस.टी. हलली नाही. सोनियानं डबा उघडला. मी तो पुन्हा झाकला. अंगठा साबणानं घासला, राखेनं घासला. निळा तो निळाच.

१ जानेवारी, गुरुवार

फोनवर बँकेचा संदेश आला. अमुक रक्कम जमा, आणि पुढं त्याचं नाव. मल्हार ज्योतिबा गोरड.

ठरल्या दिवशी त्याचं नाव आपण होऊन माझ्या फोनवर आलं, असं नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा झालं. मी ते चार वेळा वाचलं. पैशाला हात लावायचा नाही, पण नाव पुसलं नाही. सहा महिन्यांनी हुकूम उठला की हेही यायचं थांबेल, अशी एक भीती आज नवीन सुरू झाली.

फोन तो उचलत नाहीच. विट्याला जाऊन पोस्टकार्ड मागितलं. तिथला मुलगा म्हणाला, "कार्ड? आजी, कोन लिवतंय आता?" खणाच्या तळातून शोधून दिलं.

लिहिलं, 'चि. मल्हार. सुखरूप आहे. पांढऱ्या शेळीला दोन करडे झाली. पैसे तसेच ठेवले आहेत, नातीच्या लग्नात देईन. कायद्याने पगार कापला, मी कापला नाही. मल्हारने वेळेवर जेवावे.'

पेटीपाशी जरा थांबले. कार्ड उघडं असतं, पोस्टमन वाचतो, शिपाई वाचतो. म्हणून कचेरीच्या नाही, घरच्या पत्त्यावर टाकलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तेरा दिवस झाले. कार्ड फाडलं असेल, दुसरं काय.

दुपारी फोन वाजला. स्वप्नाली.

"आत्या, तिळगूळ घ्या. आन् कार्ड पोचलं."

 "वाचलं त्यानं?"

"हातात बी धरंनात. टेबलावरनं ढकलून दिलं. मग जेवताना मीच वाचून दावलं, मोठ्यानं, पोरीच्या म्होरं."

"सगळं?"

"सगळं. शेवटची वळ सोडून."

मी म्हटलं, "ती का सोडलीस गं?"

"ती दुसऱ्यानं वाचायची न्हाई, आत्या. त्यांची त्यांनी वाचू द्या. कार्ड फ्रिजच्या दाराला लावलंय, अक्षराची बाजू भाईर."

"वाचंल का तो?"

"पानी प्यायला दिवसातनं धा डाव फ्रिज उघडत्यात. किती दिवस डोळे मिटून उघडतील?" मग हळूच म्हणाली, "आन् त्या झेरॉक्सचं कुणाला बोलू नगा बरं का."

मी म्हटलं, "कसली झेरॉक्स? तू तर विसराळूच हायस."

ती हसली की रडली ते कळलं नाही, फोन कट झाला.

भीती गेलेली नाही. रस्त्यावर गाडी वाजली की अजून उठून बघते. पण अंगठ्याची शाई गेली, नखाशी बारीक रेघ तेवढी राहिली आहे. आज दिवस मावळायच्या आत भाकरी खाल्ली.